घरच्या नव्या संगणकावर काय टाकावं? विंडोज, लिनक्स की मॅक?

कोयनाकाठ | १७ जानेवारी २०२६, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप आता म्हातारा झाला. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. चालू केला की चहा होईपर्यंत वाट बघावी लागते. विंडोज १० ची नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली आणि विंडोज ११ या मशिनला चालत नाही. त्याला आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. तेव्हा नवीन घ्यायचं ठरलंय. बजेट ५० हजार, मॉनिटर जुनाच वापरणार.

वापरणारे चार जण. वडील निवृत्त शिक्षक, गावाचा इतिहास लिहितायत. आधीचं बरंचसं लिखाण श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून घेतलेलं आहे. बायको घरून काही दुकानांचे हिशेब टॅलीवर करते. मुलगी नववीत. मी स्वतः बँक, रेल्वेची तिकिटं, फोटो, एवढंच.

इथला, कराडचा, डीलर म्हणतो, "विंडोज मारून देतो, ऑफिससकट. वेगळे पैसे देऊ नका." मला ते नको आहे. मुलगी शाळेत शिकत असताना घरात चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं हे मनाला पटत नाही. माझं मत असं झालंय की सरळ लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकावी आणि चौघांनीही तेच वापरावं. हे शहाणपणाचं होईल का? ज्यांनी घरात खरंच करून बघितलंय त्यांनी सांगा.

---

तिठा | सकाळी १०:०५

डीलरला नाही म्हणालात हे उत्तम केलंत. पुढचं जाणकार सांगतीलच.

---

मिरजमळा | सकाळी १०:३२

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे या "मारून दिलेल्या" विंडोजचं पुढे काय होतं ते रोज टेबलावर बघतो. अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स नसताना विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. म्हणजे कोणी लिहिलाय ते माहीत नसलेल्या प्रोग्रामला आपण सगळे अधिकार देऊन टाकतो. त्याच मशिनवर मग बँकेचे पासवर्ड, दुकानांचा डेटा, सगळं. एका गिऱ्हाईकाच्या सगळ्या फाईली कुलूपबंद होऊन खंडणीची चिठ्ठी आली होती. बॅकअप नव्हता. वर्षानुवर्षांचे हिशेब पुन्हा कागदावरून भरावे लागले.

पाचशे-सातशेला ऑनलाईन मिळणाऱ्या "ओरिजिनल की"पासूनही लांब राहा. बहुतेक वेळा ती कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक लायसन्समधली असते, आज चालते आणि उद्या बंद पडते.

असेंबल मशीन घेणार असाल तर रिटेल लायसन्स घ्या. ओईएम, म्हणजे मशिनबरोबर येणारं, लायसन्स त्या मदरबोर्डलाच बांधलेलं असतं, बोर्ड गेला की तेही गेलं. रिटेल पुढच्या मशिनवर नेता येतं. ब्रँडेड डेस्कटॉप घेतलात तर विंडोज बहुधा किमतीतच असतं, फक्त बिलावर "डॉस" किंवा "फ्रीडॉस" लिहिलेलं, म्हणजे विंडोज नसलेलं, नाही ना ते बघा.

---

सदाफुली | सकाळी ११:१५

आमच्या घरी कित्येक वर्षं लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा प्रकार, आहे. सासूबाई त्यावर यूट्यूब बघतात, मुलं अभ्यास करतात, मी भाषांतराचं काम करते. विंडोजवरून आलेल्या माणसाला मिंटचं सिनॅमन रूप ओळखीचं वाटतं: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अपडेट कधी करायचं ते आपण ठरवतो. काम अर्धवट असताना मशीन आपणहून बंद होऊन चालू झालं, असं होत नाही. आणि टाईमशिफ्ट नावाची सोय आहे, काही बिघडलं तर सिस्टीम कालच्या स्थितीत परत नेता येते.

कोयनाकाठ, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विकत घ्यायच्या आधीच वापरून बघता येतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाका आणि जुन्या मशिनला तो लावून चालू करा. हार्डडिस्कला हात न लावता अख्खी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर, सगळं तपासा. पेनड्राइव्ह काढला की मशीन पहिल्यासारखं. मराठीत शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. लिब्रेऑफिसचे (म्हणजे फुकट मिळणाऱ्या ऑफिसचे) धडे मराठी आवाजात आहेत, फुकट आहेत, आणि सावकाश समजावून सांगतात.

---

आकडेमोड | सकाळी ११:५०

सदाफुलीताई म्हणतात ते त्यांच्या कामांपुरतं खरं आहे. पण धागाकर्त्यांच्या घरात टॅली आहे आणि सगळा निर्णय तिथेच अडतो. टॅलीप्राईम विंडोजसाठी बनवलेलं आहे. वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं साधन, वापरून ते लिनक्सवर चालवणारे लोक आहेत, पण कंपनीचा त्याला आधार नाही. दुसऱ्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने जीएसटीच्या शेवटच्या तारखेला असल्या जुगाडावर विसंबू नये.

दुसरं, डिजिटल सहीचं टोकन. वहिनींच्या गिऱ्हाईकांपैकी कोणाची कंपनी किंवा एलएलपी असेल तर यूएसबी टोकन लागणार. त्याचे ड्रायव्हर (ते यंत्र संगणकाला ओळखू देणारे प्रोग्राम) आणि सही करणारा प्रोग्राम विंडोजवर सरळ चालतात, बाकी ठिकाणी डोकं खातात. साध्या मालकी दुकानाचं ओटीपीवर भागतं आणि स्वतःचं आयकर विवरणपत्र तर ब्राउझरमधून कुठल्याही मशिनवर भरता येतं, आधारच्या ओटीपीने पडताळणीही होते. पण व्यवसाय म्हणून हिशेब करणाऱ्याला विंडोज हवंच. ते पैसे खर्च म्हणून दाखवता येतील.

---

रानपाखरू | दुपारी १२:०२

मॅक मिनी, म्हणजे अ‍ॅपलचा छोटा डेस्कटॉप, घ्या आणि निवांत राहा.

---

आकडेमोड | दुपारी १२:०९

रानपाखरू, टॅली मॅकवरही नाही.

---

रानपाखरू | दुपारी १२:४०

बरं, टॅलीचा मुद्दा मान्य. पण बाकी तिघांचा विचार केला तर मॅक मिनी मला अजूनही सरस वाटतो. एम-४ प्रोसेसरवाला २०२४ मध्ये ५९,९०० ला आला, १६ जीबी रॅम, जेवणाच्या डब्याएवढा आकार, आवाज नाही, वीज कमी. मराठी कीबोर्ड आतच आहे, फॉन्ट सुंदर दिसतात. माझी बहीण चित्रकार आहे, ती दिवसभर त्यावर काम करते आणि मशीन कधी अडत नाही. बजेटच्या थोडं वर जातं एवढंच. २५६ जीबी जागा मात्र फोटोंना कमी पडते, बाहेरून डिस्क लावावी लागते.

---

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी १:२०

लिनक्सचं कौतुक ऐकून घेतलं, आता दुसरी बाजू. माझ्या घरी वायफायचं यूएसबी डोंगल लिनक्सने ओळखलंच नाही. ड्रायव्हर शोधण्यात अख्खा रविवार गेला. जुना लेझर प्रिंटर होता, त्याचा ड्रायव्हर टाकला की एक पान छापून गप्प बसायचा. मुलाला व्हॅलोरंट खेळायचं होतं. त्याची फसवणूक-रोधक यंत्रणा लिनक्सवर चालतच नाही, तिथे विषय संपला. लिनक्स फुकट आहे हे खरं, पण घरात जो माणूस ते सांभाळणार त्याचा वेळ फुकट नसतो. कोयनाकाठ बाहेरगावी असताना वहिनींचं मशीन अडलं तर कराडात कोणता दुकानदार लिनक्स बघून देईल?

---

सदाफुली | दुपारी १:४८

ठेचाभाऊ, खेळाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. स्टीम या खेळांच्या ऑनलाईन दुकानातले बरेच खेळ प्रोटॉन नावाच्या साधनामुळे लिनक्सवर चालतात, पण असल्या यंत्रणा लावलेले ऑनलाईन खेळ अडतात. ज्या घरात ते खेळायचे आहेत तिथे लिनक्स एकटं ठेवू नये.

प्रिंटरचं मात्र वेगळं सांगते. जुन्या, खास ड्रायव्हर लागणाऱ्या यंत्रांचा त्रास खरा आहे. पण हल्ली वायफायवर चालणारे जे प्रिंटर एअरप्रिंटला (आयफोनवरून थेट छापण्याच्या सोयीला) चालतात ते लिनक्सला बिनड्रायव्हरचे चालतात. म्हणून म्हटलं, आधी पेनड्राइव्ह लावून बघा.

---

शाईची_दौत | दुपारी ३:१०

टॅलीवर बोलून झालं, पण मला काळजी वाटते ती वडिलांच्या इतिहासाची. मी पुण्यात अक्षरजुळणीचं काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

श्रीलिपी किंवा तसल्याच आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल वरून मराठी दिसते, पण आत मराठी नसते. आत इंग्रजीच्या जागांवरची चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. फॉन्ट नसलेल्या मशिनवर ती फाईल उघडली की सगळा कचरा. शोध चालत नाही, शब्द नीट क्रमवार लावता येत नाहीत, इंटरनेटवर टाकता येत नाही. तेव्हा कोणतीही प्रणाली घ्या, हे लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणं हे तुमच्या घरातलं पहिलं काम आहे. ते आणलं की विंडोज, लिनक्स, मॅक, फोन, सगळीकडे तेच अक्षर तसंच दिसेल, आणि मग प्रणाली कुठली हा प्रश्न वडिलांपुरता उरणारच नाही.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. रफार एक अक्षर मागेपुढे होतो, "दुसऱ्या"मधला ऱ्य मोडतो, जोडाक्षरं सुटतात. गावाच्या इतिहासात माणसांची आडनावं आणि शेतांची नावं असणार, ती चुकली तर लिखाणाची किंमतच जाते. रूपांतरानंतर एकदा छापील प्रत शेजारी ठेवून वाचावंच लागेल.

आता विचारते: वडील स्वतः टाईप करतात का, आणि कोणत्या पद्धतीने?

---

कोयनाकाठ | दुपारी ४:००

शाईची_दौत, हे एवढं खोल मला माहीतच नव्हतं. मनापासून आभार.

वडिलांनी तरुणपणी टंकलेखनाची परीक्षा दिली होती, टंकयंत्रावर. बोटं अजून त्याच सवयीची आहेत. श्रीलिपीतलं लिखाण बाहेरून करून घेतलेलं आहे. आता त्यांना स्वतः लिहायचंय. फोनवर बोलून लिहून बघितलं, पण जुने शब्द तो चुकीचे उचलतो म्हणून चिडतात.

---

शाईची_दौत | दुपारी ४:३५

मग त्यांना रेमिंग्टन, म्हणजे टंकयंत्राची, मांडणी हवी. विंडोजमध्ये जे मराठी कीबोर्ड आतच येतात ते दोन प्रकारचे: इनस्क्रिप्ट आणि २०१९ पासून फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरं दाबून मराठी. रेमिंग्टनसाठी वेगळं साधन बसवावं लागतं. लिनक्समध्ये आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या साधनांची जोडी टाकली की हिंदीच्या यादीत रेमिंग्टन मिळतो. त्यावर मराठी लिहिता येतं, पण मराठी टंकयंत्राशी काही कळा जुळत नाहीत. वडिलांना एक तक्ता छापून समोर चिकटवून द्या. बोटं लवकर जुळवून घेतात.

मुलीला मात्र पहिल्यापासून इनस्क्रिप्ट शिकवा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना तीच मांडणी. ऱ्य साठी शिफ्ट दाबून र ची कळ, मग हलन्त, मग य. एकदा हात बसला की फोनेटिकपेक्षा वेग जास्त येतो.

लिब्रेऑफिस वापरणार असाल तर भाषेच्या सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करून तिथे मराठी निवडा. नाहीतर इंग्रजी अक्षराचा आकार बदलतो आणि मराठी आहे तेवढंच राहतं, लोकांना वाटतं प्रोग्राम बिघडला. भाषा मराठी ठेवली की चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. मुक्त, लोहित, शोभिका हे फॉन्ट फुकट आहेत. शोभिका आयआयटी मुंबईचा आहे, इतिहासाच्या पुस्तकाला शोभेल.

---

गोमंतक_वारा | संध्याकाळी ५:२०

अवांतर वाटेल, पण आपला स्वदेशी "बॉस" कोणीच काढला नाही? सी-डॅक या सरकारी संस्थेने केलेली प्रणाली आहे, भारतीय भाषांसकट. आमच्या पणजीच्या एका कचेरीत पाहिली होती.

---

तिठा | संध्याकाळी ५:२५

घरातला बॉस कोण ते कोयनाकाठांनी पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय. टॅलीवाल्या वहिनी :)

---

सदाफुली | संध्याकाळी ५:५०

गोमंतक_वारा, बॉस डेबियन या लिनक्सवर उभी आहे, पाया उत्तमच. पण अडलं तर विचारायला माणसं हवीत. मिंट किंवा उबुंटूचा प्रश्न शोधला की दहा जणांनी उत्तर लिहिलेलं सापडतं. पहिल्यांदा लिनक्सकडे येणाऱ्या घराला तो आधार फार मोलाचा. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरच शिकवतात, त्यांच्या 'काईट' संस्थेने स्वतःची उबुंटूवर आधारलेली प्रणाली शाळांसाठी बांधली आहे. तिथे ते टिकलं कारण शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिलं. आपल्या शाळांमध्ये हे व्हावं असं मला कळकळीने वाटतं.

---

एडिसनकर | रात्री ८:१५

नाशिकला आई-बाबा, मी न्यू जर्सीत. त्यांच्या मशिनवर पूर्वी ब्राउझरमध्ये मोठी लाल खिडकी यायची, "तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." बाबा एकदा फोन लावून बसले होते. नशीब, शेजाऱ्याने थांबवलं. तेव्हापासून त्यांच्याकडे मिंट आहे. असली पानं तिथेही उघडू शकतात, पण समोरचा माणूस विंडोजचा प्रोग्राम उतरवायला सांगतो तो तिथे चालतच नाही. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी सोय टाकली आणि रोजच्या खात्याला मशिनचे पूर्ण अधिकार दिले नाहीत. आता आमचे व्हिडिओ कॉल संगणक दुरुस्तीवर खर्च होत नाहीत, गप्पांवर होतात.

ठेचाभाऊंच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच: सांभाळणारा माणूस दूर असला तरी चालतो, पण एक माणूस ठरलेला हवा.

---

हवालदिल | रात्री ९:३०

दोन्ही टाका की! डुअल बूट. चालू करताना विचारेल, विंडोज की लिनक्स.

---

मिरजमळा | रात्री १०:०५

हवालदिल, एका माणसाच्या मशिनला ठीक आहे. चौघांच्या मशिनला मी सुचवत नाही. एक जण टॅली अर्धवट सोडून उठणार, दुसऱ्याला लिनक्स हवं म्हणून तो मशीन बंद करणार, आणि घरात भांडण.

तरी कोणाला करायचंच असेल तर तीन गोष्टी. आधी विंडोज, मग लिनक्स, जमल्यास दोन वेगळ्या एसएसडीवर. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलात की बऱ्याच मशिनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बूटमध्ये, म्हणजे मशीन चालू होण्याच्या क्रमात, काही बदललं की ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली खात्यात साठवलेली असते, आधीच कागदावर उतरवून ठेवा. आणि विंडोजचं "फास्ट स्टार्टअप" बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवर लिहिता येत नाही. शिवाय लिनक्सहून परत आलात की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं.

आता माझा खरा सल्ला. कोयनाकाठ, जुनं मशीन फेकू नका. एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. जुनी डीडीआर-३ रॅम अजून स्वस्तात मिळते, नव्या डीडीआर-५ चे भाव मात्र २०२५ च्या अखेरीपासून चढलेत. चौथ्या पिढीचा आय-३ लिनक्सला भरपूर आहे. मिंटचं एक्सएफसीई रूप टाका, हलकं आहे. म्हणजे मशिनं दोन झाली.

---

वऱ्हाडी_ठेचा | रात्री १०:२०

मिरजमळांचं हे मला पटलं. कामाचं मशीन वेगळं, लिखाणाचं वेगळं. माझा विरोध एकाच मशिनवर सगळ्यांना लिनक्स लादण्याला होता.

---

वाफाळता | १८ जानेवारी २०२६, सकाळी ७:५५

आमच्या भागात वीज खूप जाते म्हणून एकच सांगतो. प्रणाली कुठलीही असो, यूपीएस घ्या. चालू लिखाणात वीज गेली की फाईल अर्धी राहते.

---

आकडेमोड | सकाळी ८:३०

आणि टॅलीचा बॅकअप रोज बाहेरच्या डिस्कवर. त्यातलीही एक प्रत घराबाहेर.

---

कोयनाकाठ | २५ जानेवारी २०२६, संध्याकाळी ६:४५

मंडळी, ठरलं आणि झालंसुद्धा.

नवीन डेस्कटॉप बायकोच्या नावे. १६ जीबी रॅम, एसएसडी, अस्सल विंडोज ११ होम, बिलावर लिहून घेतलं. मॉनिटरही नवा घ्यावा लागला, कारण आता मशिनं दोन. त्यामुळे बजेट थोडं ओलांडलं, पण तिच्या कामाला ते शोभतं. खेळायचं असेल तर मुलीनेही तिथेच, आईचं काम झाल्यावर, वेगळ्या खात्यातून.

जुन्या मशिनला एसएसडी आणि रॅम टाकून मिंट बसवलं. सदाफुलीताईंनी सांगितलं तसं आधी पेनड्राइव्हवरून चालवलं. वायफाय लगेच जोडलं गेलं, प्रिंटरही ओळखला. चौथ्या पिढीचं हे मशीन आता चांगलंच चपळ झालंय. मुलीने स्क्रॅच (मुलांचं प्रोग्रामिंग) आणि जिओजेब्रा (गणित) टाकून घेतलं आणि आजोबांच्या समोर कळांचा तक्ता चिकटवला. वडील रोज सकाळी एक पान लिहितायत, स्वतःच्या हाताने. हे होईल असं मला वाटलं नव्हतं.

चौघांना एकच प्रणाली हा माझा आग्रह मी सोडला. श्रीलिपीच्या फाईली अजून तशाच आहेत. त्या नव्या विंडोज मशिनवर उघडून रूपांतर करावं की जुन्या मशिनवर?

---

शाईची_दौत | संध्याकाळी ७:३०

छानच झालं! वडिलांना माझा नमस्कार सांगा.

रूपांतर विंडोजवर करा. जुने फॉन्ट तिथे टाकले की मूळ पान जसं होतं तसं शेजारी दिसेल. आधी मूळ फाईलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून बाजूला ठेवा, तिला हात लावू नका. मग एकच छोटं प्रकरण घ्या, ज्यात आडनावं आणि तारखा भरपूर आहेत असं. ते रूपांतरित करून मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि वडिलांना वाचायला द्या. कोणती अक्षरं नेमाने मोडतात त्याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. ती इथे टाकलीत तर बाकीच्या फाईलींमध्ये शोधा-बदला करून एका झटक्यात दुरुस्त कशी करायची ते मी सांगते.

---

कोयनाकाठ | संध्याकाळी ७:४२

इनामांचं प्रकरण घेतो, त्यात नावंच नावं आहेत. यादी झाली की टाकतो.